वैद्य गार्सिया द ओर्ता

मुंबई बंदराच्या पूर्वेस, खाडीपलीकडे, उरणजवळच्या किनाऱ्यावर न्हावा आणि शेवा ही दोन गावे होती. मिठागरे, खारजमिनीतील भातशेती आणि मासेमारी ह्यांवर तेथील आगरी-कोळी लोकांचा चरितार्थ चाले. पुढे मुंबईच्या बंदरावरील भार हलका करण्यासाठी येथे नवे बंदर बांधण्याचे ठरले. शेवा गावच्या रहिवाशांना आपली पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून दुसरीकडे वसाहत करावी लागली, आणि १९८९ सालच्या मे महिन्यात जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे हे बंदर सुरू झाले. आज तेथून लोखंडी पेट्यांत भरलेला माल जगभर जातो. त्या मालात हवाबंद डब्यांतील आमरसही असतो. डब्यावर फळाचे नाव इंग्रजीत लिहिलेले असते, मँगो. ज्या मुलखात त्या फळास आंबा म्हणतात त्याच मुलखातून ते निघाले, आणि नाव मात्र दुसऱ्याच कोठले तरी घेऊन गेले.

ह्या बंदरासमोरच घारापुरीचे बेट आहे. बेटाच्या धक्क्याजवळ पूर्वी दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती उभा असे. त्यावरून पोर्तुगीजांनी बेटास एलेफंटा असे नाव दिले व तेच इंग्रजीत रूढ झाले. तो हत्ती आता मुंबईस भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. घारापुरीची लेणी युरोपीय वाचकांस ज्यांनी प्रथम वर्णन करून सांगितली, त्यांत एक पोर्तुगीज वैद्य होता. मँगो हे नाव घेऊन जे फळ युरोपच्या पंडितांस ठाऊक झाले, त्याचेही सविस्तर वर्णन त्यानेच लिहिले. ह्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सियाचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये, स्पेनच्या सरहद्दीजवळील कास्तेलो द व्हीदे नावाच्या गावी झाला. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यू लोकांस देशाबाहेर घालवून दिले, तेव्हा हजारो कुटुंबे पोर्तुगालच्या आश्रयास आली. परंतु तो आश्रय फार दिवस टिकला नाही. पाचच वर्षांनी, १४९७ साली, पोर्तुगालच्या राजानेही त्या सर्वांना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा लोकांना नवे ख्रिस्ती म्हणत. नाव ख्रिस्ती, चर्चमध्ये जाणे-येणेही ख्रिस्त्यांप्रमाणे. तरीही शेजारीपाजारी त्यांच्याकडे संशयानेच पाहत. शनिवारी चूल पेटली की नाही, ताटात कोणते मांस आहे, एवढ्यावरून माणसाच्या धर्माची परीक्षा होई. गार्सिया ह्याच भयाच्या छायेत वाढला.

मुलगा बुद्धिमान होता. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे अध्ययन केले. त्या काळी वैद्यक शिकणे म्हणजे गॅलेन, डायोस्कोरिडीस इत्यादी ग्रीक आचार्यांचे आणि अविसेनासारख्या मुसलमान पंडितांचे ग्रंथ वाचणे. औषधी ग्रंथात जशी वर्णिली असेल तशीच मानायची. ती डोळ्यांनी पाहण्याची गरज कोणास वाटत नसे. मिरी, दालचिनी, हिंग, कापूर ही औषधे पूर्वेकडून कोरड्या स्वरूपात येत. त्यांची झाडे कशी असतात, फुले कोणत्या रंगाची, फळ कोणत्या महिन्यात धरते, हे युरोपात कोणीच जाणत नव्हते. गार्सियाने स्वदेशी परत येऊन काही वर्षे वैद्यकी केली, लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. तेथेच राहिला असता तर मानमरातब मिळाला असता. परंतु नव्या ख्रिस्त्यांच्या विरुद्ध लोकमत दिवसेंदिवस कडवे होत चालले होते, आणि धर्मद्रोह्यांचा शोध करणारे इन्क्विझिशन नावाचे न्यायासन पोर्तुगालमध्येही स्थापन होणार अशी चिन्हे दिसत होती. १५३४ साली मार्तिम अफोंसो द सौझा हा सरदार आरमार घेऊन हिंदुस्थानास निघाला, तेव्हा त्याचा वैद्य म्हणून गार्सियाही जहाजावर चढला. मार्चमध्ये निघालेले आरमार सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचले. गार्सिया पुन्हा कधीही युरोपात गेला नाही.

आरंभीची काही वर्षे त्याने सौझाच्या आरमाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर प्रवास करण्यात घालविली. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने वसई आणि तिच्याभोवतालचा मुलूख पोर्तुगीजांस देऊन टाकला. मुंबईची बेटेही त्यातच होती. ह्याच सुमारास गार्सियाने घारापुरीची लेणी पाहिली. डोंगर पोखरून काढलेले ते भव्य मंदिर पाहून तो विस्मित झाला. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याने लेण्यांविषयी लिहिले, तेव्हा त्यांत गुरे शिरत असल्याचे व शिल्पांची नासधूस झाल्याचेही त्याने खेदपूर्वक नमूद केले. परक्या धर्माचे देऊळ मोडले म्हणून त्या काळच्या पोर्तुगीजाने हळहळावे ही गोष्ट नित्याची नव्हती.

काही वर्षांनी सौझा मायदेशी परतला. गार्सिया मात्र गोव्यातच राहिला. वैद्य म्हणून त्याची कीर्ती वाढली. गव्हर्नर, व्हाइसरॉय, धर्मगुरू, व्यापारी, सर्वजण त्याला बोलावीत. आपल्याच नात्यातील ब्रियांदा द सोलिस हिच्याशी त्याने विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. घराभोवती त्याने बाग केली आणि त्या बागेत परोपरीच्या वनस्पती आणून लावल्या.

अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्याचा मोठा चाहता होता. सुलतानाच्या उपचारांसाठी गार्सिया अनेकदा घाट चढून अहमदनगरास जाई. निजामशाही दरबारात अरब व इराणी हकीम होते, त्याचप्रमाणे हिंदू वैद्यही होते. गार्सियाने ह्या सर्वांशी स्नेह जोडला. एखादे औषध हाती आले की तो विचारी: ह्यास अरबीत काय म्हणतात, फारसीत काय, दख्खनच्या लोकांत काय, मलबारात काय? वैद्याच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. एका औषधाला चार नावे असतील, किंवा एकाच नावाने दोन भिन्न औषधे विकली जात असतील, तर रोग्याच्या जिवाशी गाठ पडे. ग्रंथांत झालेले कित्येक घोटाळे केवळ नावांच्या गोंधळामुळे झाले होते. म्हणून गार्सियाने शब्दांचा माग काढणे हे वैद्यकाचेच अंग मानले. दारी येणारा घोड्यांचा व्यापारी, कोचीनहून आलेला खलाशी, घरातली दासी, ज्याला जे ठाऊक असेल ते तो त्याच्याकडून समजून घेई.

१५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबईचे बेट गार्सियाला खंडाने दिले. ते आजचे अफाट शहर नव्हे. नारळी, भातखाचरे व कोळ्यांची वस्ती असलेले एक लहानसे बेट होते. तेथे त्याचा वाडा होता. इंग्रजांनी पुढे जेथे आपला किल्ला बांधला तीच ती जागा, असे इतिहासकार मानतात. गार्सिया स्वतः तेथे क्वचितच राही. बेटाचा कारभार त्याचे कूळ पाही. मुंबईत त्याचे एक आंब्याचे झाड होते आणि ते वर्षातून दोनदा फळे. त्याचे त्याला मोठे कौतुक वाटे. आपल्या पुस्तकातील आंब्यावरचे प्रकरण त्याने आरंभिले आहे तेही मुंबईहून आलेल्या आंब्यांच्या करंडीने. त्याचा कूळ सिमाव तोस्कानो गलबतातून ती करंडी घेऊन येतो आणि गव्हर्नरास भेट पाठविण्याविषयी बोलणे चालते, असा तो प्रसंग आहे.

हे पुस्तक म्हणजेच गार्सियाच्या आयुष्याची कमाई होय. हिंदुस्थानातील औषधी व वनस्पती ह्यांविषयीचे ते संवाद १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पुरे झाले. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. जुआंव द एंडेम ह्या मुद्रकाने ते छापले खरे, परंतु चुका इतक्या राहिल्या की शुद्धिपत्रच कित्येक पाने भरले. पोर्तुगीजांचा महाकवी लुईश द कामोईश त्या वेळी गोव्यात होता व गार्सियाच्या स्नेह्यांपैकी होता. त्याची पहिली छापलेली कविता ह्याच पुस्तकात आहे. पंडितांची भाषा लॅटिन, तरीही गार्सियाने पुस्तक पोर्तुगीज बोलीत लिहिले, म्हणजे व्यापारी-खलाशांनाही ते वाचता यावे. त्याची रचना मोठी मौजेची आहे. रुआनो नावाचा एक कल्पित मित्र युरोपातून गोव्यास येतो. त्याचे सारे ज्ञान ग्रंथांतले. तो गॅलेनचे वचन पुढे करतो आणि गार्सिया त्यास आपण पाहिलेले सांगतो. मध्येच अंतोनिया नावाची दासी हाक मारल्याबरोबर एखादे फळ किंवा फांदी आणून ठेवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही चर्चेत भाग घेतो. स्पेनमध्ये असतो तर प्राचीन आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धैर्य आपणास झाले नसते, असे गार्सिया मोकळेपणाने कबूल करतो.

प्रत्येक प्रकरणात प्रथम नावांची चर्चा येते. मलबारात ज्यास वेत्तिल म्हणतात ते पान दख्खनात व गुजरातेत पान ह्याच नावाने ओळखतात. मलबारातील अडक्क म्हणजे दख्खनातील सुपारी. हे तो बारकाईने सांगतो. तथापि युरोपीय भाषांत रूढ झाली ती मलबारची नावे. वेत्तिलचे इंग्रजीत बीटल झाले, अडक्कचे अरेका झाले, फणसाच्या चक्क ह्या नावाचे जॅक झाले. ह्याचे कारण उघड आहे. १४९८ साली वास्को द गामा उतरला तो कालिकतला. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानची फळे प्रथम चाखली ती मलबारच्या किनाऱ्यावर, आणि ज्याच्या हातून वस्तू घ्यावी त्याच्याच तोंडचे नाव घ्यावे, हा बाजाराचा सार्वत्रिक नियम आहे.

मँगो हा शब्दही ह्याच वाटेने गेला. तमिळ भाषेत मा म्हणजे आंब्याचे झाड आणि काय् म्हणजे कच्चे फळ. ह्या दोहोंचे मांगाय् झाले. मल्याळममध्ये त्याचे मांग झाले. पोर्तुगीजांनी ते मांगा असे उचलले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज ग्रंथांच्या भाषांतरांतून ते मँगो ह्या रूपाने इंग्रजीत शिरले. आपला आंबा संस्कृत आम्र शब्दापासून आलेला. त्याचा ह्या शब्दाशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे मूळ तमिळ अर्थ पाहता पिकलेल्या हापूसला मँगो म्हणणे हे त्यास कैरी म्हणण्यासारखेच आहे! परंतु शब्द एकदा घर सोडून निघाला की मूळच्या अर्थाला बांधलेला राहत नाही. जहाजाच्या दीर्घ प्रवासात ताजा आंबा टिकत नसे. इंग्लंडात व अमेरिकेत तो प्रथम पोहोचला तो बहुधा लोणच्याच्या रूपाने. तेव्हा तेथील गृहिणी मँगो म्हणजे लोणचेच समजू लागल्या. अठराव्या शतकातील इंग्रजी पाकपुस्तकांत काकडीचे, खरबुजाचे, पीचचे मँगो करण्याच्या कृती आढळतात, आणि अमेरिकेच्या काही भागांत भोपळी मिरचीला जुनी माणसे मँगो म्हणत असत. उलट आपल्याकडे आलेले नाव पाहा. हापूस हा शब्द पोर्तुगीज अफोंसो ह्या नावाचा अपभ्रंश आहे. गोवा जिंकणारा अफोंसो द आल्बुकेर्क ह्याच्याशी लोक तो जोडतात. फळ आपले आणि त्यास नाव पोर्तुगीज, अशी ही फिटंफाट झाली.

मराठी मुलखाचे शब्दही गार्सियाच्या काळी पोर्तुगीजांच्या जिभेवर चढत होते. पटकीच्या रोगास आपल्याकडे मोडशी म्हणत. शरीर मोडून टाकणारी ती मोडशी. गोव्यातील पोर्तुगीजांनी त्याचे मोर्देशीं असे रूप केले. पुढे फ्रेंच लोकांनी ते ऐकले आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण असा लावला. केवळ उच्चार जुळला म्हणून बिचाऱ्या कुत्र्याचा त्यात संबंध आला. गार्सियाने ह्या रोगाचे जे वर्णन केले, ते युरोपीय वैद्याने केलेल्या पटकीच्या पहिल्या स्पष्ट वर्णनांपैकी गणले जाते. मंदावलेली नाडी, थंड पडलेले अंग, आत ओढलेले डोळे, पायांत येणारे पेटके आणि काही तासांतच येणारा मृत्यू, हे सारे त्याने रोग्याच्या अंथरुणाशेजारी बसून टिपले होते. धोतऱ्याचे बी खाऊ घालून लोकांस लुटणाऱ्या चोरांचीही हकीकत त्याने दिली आहे. मुगाविषयीही त्याने लिहिले आणि दख्खनचे वैद्य तापाच्या रोग्यास उपवासानंतर मुगाचे पथ्य देतात, हे सांगितले. मुगाचे मुंगो हे रूप पुढे वनस्पतिशास्त्रातही गेले; पण शास्त्रज्ञांच्या हातून ते नेमके उडदास चिकटले आणि मूग मात्र निराळ्याच नावाने ओळखला जाऊ लागला. नावांचे घोटाळे सोडविण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या मागेही ते असे चालूच राहिले. इंग्रजीतील मुंगसाचे नाव मात्र सरळ मराठीतून गेले आहे. मराठीने आंब्याची भरपाई अशी मुंगसाने करून घेतली असे म्हणावयास हरकत नाही.

गार्सियाचे सर्वच लिहिणे बरोबर होते असे नाही. दूरच्या प्रदेशांविषयी त्याने ऐकीव माहितीवर भिस्त ठेवली, आणि आपल्या काळचे काही पूर्वग्रहही त्याच्या लेखणीतून सुटले नाहीत. परंतु हिंदू वैद्य एखादा रोग अधिक चांगला बरा करतात हे दिसल्यावर त्यांची रीत स्वीकारण्यास तो कधी लाजला नाही.

पुस्तकाच्या थोड्याच प्रती निघाल्या. त्यांतील एक क्लुसियुस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञास १५६४-६५ च्या प्रवासात मिळाली. त्याने संवाद गाळून, मजकूर आटोपशीर करून तिचे लॅटिन भाषांतर केले, आणि १५६७ साली अँटवर्प येथे ते प्रसिद्ध झाले. ह्या भाषांतराच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या व आंबा, फणस, धोतरा, मूग हे युरोपच्या विद्वानांच्या मेजावर जाऊन बसले.

इकडे गोव्यात मात्र दिवस पालटले होते. ज्या न्यायासनाच्या भयाने गार्सियाने पोर्तुगाल सोडले असावे, ते १५६० साली त्याच्या मागोमाग गोव्यासच येऊन पोहोचले. त्याच्या दोघी बहिणी लिस्बनमध्ये ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून तुरुंगात पडल्या होत्या. तेथून सुटून १५४९ साली त्या कुटुंबांसह गोव्यास भावाच्या आश्रयास आल्या होत्या. गार्सियाचा दबदबा मोठा. व्हाइसरॉयची नाडी पाहणाऱ्या वैद्यावर हात टाकण्यास कोणी धजले नाही. त्याच्या पुस्तकात नावे आहेत, फळे आहेत, देशोदेशीच्या चालीरीती आहेत. परंतु स्वतःच्या जन्माविषयी, आईबापांच्या धर्माविषयी एक अक्षर नाही. प्रत्येक वस्तूचे खरे नाव विचारणाऱ्या ह्या माणसाला आपले मूळ मात्र जन्मभर झाकून ठेवावे लागले.

१५६८ साली गार्सिया मरण पावला. त्याचे छत्र हरपताच बहीण कातारिना हिला पकडण्यात आले, आणि १५६९ साली गोव्यात तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्या व इतर आप्तांच्या जबान्यांतून गार्सियाही गुप्तपणे ज्यू धर्म पाळीत असल्याचे न्यायासनाने ठरविले. १५८० साली, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाहीरपणे जाळण्यात आली.

पुढे तीनशे वर्षे मूळ पोर्तुगीज पुस्तक जवळजवळ दुर्मीळच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिकाल्योचा काउंट ह्या विद्वानाने विस्तृत टीपांसह त्याची नवी आवृत्ती काढली, आणि १९१३ साली क्लेमेंट्स मार्कहॅम ह्याने केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकात न्यायासनाच्या जुन्या कागदपत्रांतून त्याच्या कुटुंबाची करुण कहाणी उजेडात आली. पोर्तुगालने आपल्या चलनी नोटेवर त्याचे चित्र छापले. पणजी शहराच्या मध्यभागी, चर्चच्या पायऱ्यांसमोर, एक सार्वजनिक बाग आहे. तिला गार्सिया द ओर्ता ह्याचे नाव देण्यात आले आहे.